बाजेवरचे दहा दिवस

बाळंतिणीला निजवून ठेवायचं की चालवायचं, या एकाच प्रश्नावर मी नोकरीभर भांडत आले. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं चुकीच्या बाजूने भांडले, हे आधीच सांगून टाकते. संपादकांना खरं तर गमतीजमती हव्या होत्या. "सिस्टर, तुमच्याकडे किस्से असतील भरपूर," असं ते फोनवर म्हणाले. आहेत ना. बायकोला कळा सुरू असताना कंपनीतले एक साहेब घड्याळ घेऊन दाराशी उभे राहिले आणि पत्रिका जरा चांगली यावी म्हणून आणखी वीस मिनिटं थांबवता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना आत जाऊन बायकोलाच विचारायला सांगितलं. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. असले किस्से मला पुष्कळ येतात, पण ते सांगून झाले की मला घरी आल्यावर जानीचा पाय आठवतो. म्हणून या वेळी तेच लिहिते.

मी शालिनी, मूळची घिवलीची. बोईसरच्या एका लहानशा खाजगी प्रसूतिगृहात तीस-एक वर्षं नर्स होते. खाटा आठ, डॉक्टरीणबाई एक, मी एक, आणि वर-कामाला दोन बायका. तारापूरला अणुवीज केंद्र आलं, मागोमाग बोईसरला कारखान्यांची धुराडी उभी राहिली, आणि कुठकुठची माणसं इथे येऊन बाळंत व्हायला लागली. कॉलनीतल्या बायका थर्मास आणि कापडी पिशवी घेऊन यायच्या. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका आई, सासू आणि निदान एक मावशी घेऊन यायच्या. पूर्वेकडच्या डोंगरपाड्यांवरच्या बायका काहीच न घेता यायच्या, आणि बहुतेक वेळा अगदी शेवटच्या घटकेला.

आमच्याकडे किनाऱ्यावर बाळंतीण म्हणजे सव्वा महिन्याची राणी. वाडीकडची एक खोली तिची. बाज टाकायची, बाजेखाली शेगडी ठेवायची, पोट घट्ट बांधायचं, कानात कापूस, डोक्याला फडकं. दारं-खिडक्या बंद. उठायचं ते फक्त मोरीपर्यंत. पाणी प्यायचं तेही घोट-घोट, कारण पाण्याने पोट सुटतं, असं आमच्या आईचं आणि तिच्या आईचं म्हणणं. डोंगरात याच्या उलट. पाचव्या दिवशी सुईण अंघोळ घालते आणि बाई उठून कामाला लागते. पाचव्या दिवशी पाटी डोक्यावर घेतलेली बाळंतीण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझं टाळकंच सरकलं. तिच्या सासूला रस्त्यात उभी करून मी अशी काय झापली की लोक जमले. सासू शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग काय करल ती? निजून राहल?" मला तो निर्दयपणा वाटला.

मला स्वतःला मूल झालं नाही. लग्न झालं, ते फार टिकलं नाही, मी आईकडे परत आले. आमच्या घरातली ती वाडीकडची खोली माझ्यासाठी कधी उघडली गेली नाही. याचं मला वाईट वाटायचं. त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून सांगते.

जानी आमच्याकडे आली ती सातव्या महिन्यात. वारली, पाडा पालघरच्या पूर्वेला, नवरा लहान्या बोईसरच्या एका कारखान्यात मजूर. सालवडला एका खोलीत सहा मजूर पाळीपाळीने झोपायचे, त्यातच एक कोपरा या दोघांचा. वय अठरा-एकोणीस. डोळे पिवळट, हातापायांचे सांधे अधूनमधून ठणकायचे, आणि आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आलं, सिकलसेल.

तेव्हा हा शब्द आमच्याकडे कुणाला माहीत नव्हता. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात, बारीक नळीतूनही सरकत जातात. या आजारात त्या वाकतात, विळ्यासारख्या होतात आणि एकमेकींत अडकतात. अंगात पाणी कमी झालं, ताप आला, दम लागला की जास्तच वाकतात. आईबापांकडून येतो, औषधाने जात नाही. त्यातून गरोदरपण. पोटुशी बाईचं रक्त मुळातच लवकर गोठायला बसलेलं असतं, कारण बाळंतपणात ती रक्त जाऊन मरू नये अशी निसर्गाची सोय असते. चांगलीच सोय आहे, पण ज्या बाईचं रक्त आधीच अडकतं तिला ती महागात पडते. पायाच्या शिरेत गुठळी धरते, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस बोलता बोलता जातं. लोकांना वाटतं, बाळ बाहेर आलं की सुटलो. गुठळीचा सगळ्यात मोठा धोका त्यानंतरच्या आठवड्यांत असतो.

हे सगळं मी आता लिहिते आहे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला यातलं निम्मं सांगितलं होतं. निम्मंही पुरेसं होतं, मी ऐकलं असतं तर.

जानी बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी धड. बाईंनी मला बाजूला घेतलं. "शालू, हिला उद्यापासून चालवायचं. पाय हलते ठेव. पाणी भरपूर पाज." मी "हो बाई" म्हटलं. मनात म्हटलं, यांना खाट रिकामी करायची घाई झालीय.

तिसऱ्या दिवशी जानीला घरी सोडायचं ठरलं. घर म्हणजे सालवडचा तो कोपरा, नाहीतर पाडा. पाड्यावर सासू, लखमी नावाची, जी तिला पाचव्या दिवशी उठवणार हे मला लिहून दिल्यासारखं माहीत होतं. त्या मुलीकडे बघून मला भरून आलं. इतक्या अशक्त पोरीला हे लोक शेतात उभी करणार. मी लहान्याला म्हटलं, "तिला आमच्या घरी नेते. सव्वा महिना राहू दे. माझी आई सगळं करील." लहान्या म्हणाला, "तुला तरास नाय ना?" पाड्यावरची माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. मला ते त्या दिवशी फार गोड वाटलं.

बाईंना मी एवढंच सांगितलं की तिची राहायची सोय केलीय. त्या म्हणाल्या, "चालव हं." मी पुन्हा "हो बाई."

मग आम्ही तिला निजवलं. माझ्या आईने ती बंद खोली उघडली, सारवली, बाज टाकली, खाली शेगडी पेटवली. जानीचं पोट बांधलं. दिवसा शेक, संध्याकाळी धुरी. "पोरी, पानी जास्ती मागू नको, पोट सुटंल," आई तिला सांगायची, आणि ती नाही मागायची. तिला तसं कुणी कधी सांभाळलंच नव्हतं. ती छताकडे बघत पडून राहायची आणि हसायची. आई पायाला कोमट खोबरेल चोळायची. मी सकाळी ड्युटीला जायच्या आधी तिला मऊ भात भरवायचे. ते दिवस मला फार सुखाचे गेले. हे लिहायला लाज वाटते, पण गेले.

आठव्या दिवशी जानी म्हणाली, "बाय, पाय जड वाटतो." डावा पाय पोटरीपासून सुजला होता, पांढरट, गरम. नर्सिंगच्या शाळेत बाळंतिणीचा पांढरा पाय, म्हणजे शिरेतल्या गुठळीची खूण, आम्हाला शिकवला होता. मी तो परीक्षेत बरोबर लिहिला होता, गुणही मिळाले होते. पण समोर आल्यावर मी ओळखला नाही. आई म्हणाली, वात आहे. मीही म्हटलं, वात आहे. दोन दिवस मी स्वतः तो पाय जोर लावून चोळला, वरून खाली आणि खालून वर.

दहाव्या दिवशी दुपारी सासू आली. लखमी म्हातारी पाड्यावरून बोईसरपर्यंत चालत आणि तिथून एसटीने घिवलीला आली होती. फडक्यात नाचणीच्या भाकरी, वर सुक्या मासळीची चटणी. दारातच थबकली, कारण खोलीत धूर आणि अंधार. मग आत येऊन बाजेपाशी उकिडवी बसली.

"ही का निजलीय? दहा दिस झालं ना?"

"आमच्याकडे असंच असतं, आजी," मी म्हटलं. "तिला आराम हवाय."

तिने जानीचे ओठ बघितले. "पानी दे तिला." मग पांघरूण बाजूला केलं आणि दोन्ही पायांवर हात ठेवला. "हा पाय जाड हाय."

"वात आहे. मी चोळतेय."

"चोळू नको. उठव तिला."

मी नाही म्हटलं. म्हातारीने माझ्याशी वाद घातला नाही. जानीला हाताला धरून उभी केली आणि म्हणाली, "चल, भायेर वारा हाय." जानी खोलीतून ओटीवर आली, सहा-सात पावलं असतील, आणि छातीला हात लावून खाली बसली. तिला श्वास पुरेना. ओठ काळे पडायला लागले.

माझं डोकं मात्र चाललं, एवढं स्वतःच्या बाजूने बोलते. शेजाऱ्यांचा मासळीचा टेम्पो उभा होता. मागे बर्फाच्या पेट्या होत्या त्या बाहेर काढल्या, जानीला टेम्पोत बसती केली, टेकू द्यायला मी मागे बसले, बाळाला घेऊन म्हातारी पुढे. बोईसरला डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा पायाकडे पाहिलं आणि प्राणवायू लावला. मग माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "चालवलंस का?"

मी म्हटलं, "हो."

मग जीप, मनोरवरून महामार्गाने मुंबई. मोठ्या रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी मराठीतच विचारलं, बाळंतपणानंतर किती दिवस झोपून होती? म्हातारी माझ्या शेजारी उभी होती, बाळ खांद्याशी. मी म्हटलं, "थोडी विश्रांती दिली होती. आज सासूने एकदम उठवून चालवलं, आणि हे झालं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

गुठळी उठल्यामुळे सुटली असेल. माझ्या चोळण्यानेही सुटत आली असेल. ते कुणी सांगू शकत नाही. पण धरली ती आमच्या बाजेवर, शेगडीवर, घोट-घोट पाण्यावर. ते मला मुंबईच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यातच कळलं होतं.

जानी जगली. तीन आठवडे तिथे राहिली, रक्त पातळ करणारी औषधं घेतली, परत आली. डावा पाय कायमचा जाड राहिला. पावसाळ्यात लावणीला चिखलात उभी राहिली की तो आणखी सुजायचा.

बाईंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मी मुंबईहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एक काम वाढवून दिलं, प्रत्येक बाळंतिणीला चालवायचं आणि दोन्ही पोटऱ्यांची मापं रोज लिहायची. पुढे मी ते इतक्या कडकपणे केलं की लोक मला "पोलीस सिस्टर" म्हणायला लागले. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोपऐवजी शिंप्याची टेप असायची. एका नवऱ्याने विचारलं, "सिस्टर, विजार शिवताय का हिला?" मी म्हटलं, "पाय शाबूत राहिला तर शिवू." कॉलनीतल्या सासवांशी, आमच्या किनाऱ्यावरच्या मावश्यांशी, माझ्या स्वतःच्या आईशी मी चालण्यावरून भांडले. माझ्या आईने त्या खोलीत पुन्हा बाज टाकली नाही. एवढी कशी बदलली म्हणून कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पण पाड्यावर दुसरीच गोष्ट रुजली होती. लहान्याला जानीने सांगितलं, जानीला मी सांगितलं होतं. सिस्टरने लेकीसारखी दहा दिवस जपली, सासूने उठवली आणि मारायला टेकवली, मग सिस्टरने टेम्पोत घालून वाचवली. जानी दर वर्षी घिवलीला यायची, कधी नाचणी, कधी वालाच्या शेंगा, कधी रानातली भाजी घेऊन. बाजारात कुणी भेटलं की मला पुढे करायची. "हिनं मला जगवली." मी नको नको म्हणायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

लखमी म्हातारी मला त्यानंतर दोनदा भेटली. दोन्ही वेळा मला बघून बाजूला झाली, वाट दिली.

मग नव्वदच्या दशकात, माझ्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना, जानी मुलीला घेऊन आली. तीच मुलगी, संगीता. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, लग्न झालेलं, सहावा महिना. हातात रक्ताचा रिपोर्ट. लहान्यामध्येही तो दोष अर्धा निघाला होता, त्याला त्रास कधीच नव्हता म्हणून कुणाला माहीत नव्हतं. मुलीला मात्र आईचाच आजार पूर्ण आला होता.

रविवारची सकाळ होती. दोघी आमच्या ओटीवर बसल्या. जानीने डावा पाय लांब केला, तो दुमडत नाही.

"बाय, हिला तुझ्याकडं ठेव," ती म्हणाली. "मला ठेवली तशी. सव्वा महिना निजवून. मी हिच्या सासूला सांगितलाय, हात लावायचा नाय. उठवायची नाय."

संगीता मला म्हणाली, "मावशी, मी अगदी हलणार नाही. तुम्ही सांगाल तितके दिवस."

मी आत जाऊन पाणी पिऊन आले. आत माझी आई असती तर कदाचित तिथेच बसले असते, पण ती जाऊन दोन वर्षं झाली होती. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणून मुलीला इथे आणायची आणि गुपचूप चालवायची, हेही मी त्या दोन मिनिटांत ठरवून पाहिलं. पण मी नसताना ही मुलगी, किंवा हिची मुलगी, तीच गोष्ट खरी मानून बाजेवर पडून राहणार, हे मला दिसत होतं. बाहेर येऊन मी जानीसमोर खाली बसले.

"जानी, तुला सासूने आजारी पाडलं नाही," मी म्हटलं. "मी पाडलं."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई चालव म्हणाल्या होत्या ते. पाणी दिलं नाही ते. शेगडी. पाय सुजल्यावर चोळला ते. मुंबईच्या डॉक्टरांना म्हातारीच्या तोंडावर काय सांगितलं ते. "म्हातारीने पाहिल्याबरोबर ओळखलं होतं. पाणी दे म्हणाली, चोळू नको म्हणाली. ती आली नसती तर तू त्याच बाजेवर गेली असतीस, आणि मला कळलंही नसतं."

संगीता आईकडे बघत होती. जानीने पदराने तोंड पुसलं, घाम नव्हता तरी. ती पायाकडेच बघत होती.

"म्हातारी मेली त्याला सात वर्स झाली," ती म्हणाली. "लय दिस पडून होती. मी तिला भाकर देयची, पानी देयची. बोलत नव्हती मी तिच्याशी. कामापुरतं." मग म्हणाली, "शेवटी शेवटी ती मला जवळ बस बोलायची. मी बसली नाय. आता तिला कोन सांगल?"

मी रडले. जानी रडली नाही. ती भिंतीला धरून उठली, मुलीला म्हणाली "चल," आणि दोघी गेल्या. आणलेली भाजी ओटीवरच राहिली. मी ती शिजवली नाही, टाकलीही नाही, दोन दिवसांनी ती सुकून गेली.

त्या परत येणार नाहीत असं मला वाटलं होतं. दिवस भरले तेव्हा आल्या, आमच्याच प्रसूतिगृहात. संगीताला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उठवायला गेले तेव्हा जानी आधीच तिला धरून व्हरांड्यात चालवत होती, स्वतःचा पाय ओढत. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "किती फेऱ्या?" मी म्हटलं, "दमेल तोवर. मग पाणी. मग पुन्हा."

रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं सहा आठवडे द्यायची होती, दिवसातून दोनदा. जानीने ठरवलं की लेक पाड्यावर राहील आणि सुई द्यायला सिस्टरनेच तिकडे यायचं. मी सगळी शिल्लक रजा काढली आणि पाड्याजवळच्या शाळेतल्या बाईंच्या खोलीत सहा आठवडे राहिले. रोज सकाळी आणि संध्याकाळी इंजेक्शन, मग टेपने दोन्ही पोटऱ्या. शेवटच्या दिवशी दोन्ही पायांचं माप सारखं भरलं. मी ते जानीला सांगितलं. तिने मान हलवली आणि मला चहा दिला.

त्या सहा आठवड्यांत ती माझ्याशी बोलली. किती वाजता येशील, सुई उकळलीस का, उद्या पाऊस आला तर कशी येशील. कामापुरतं.